मतपेटीचे राखणदार : दक्षिण कोरियातील राष्ट्राध्यक्षीय निवडणुका आणि विद्यार्थी

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत विद्यार्थ्यांनी भाग घेणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर देशपरत्वे बदलते. पुष्कळ देशांत त्याचा अर्थ एवढाच असतो की, विद्यार्थी एखाद्या उमेदवाराचा पक्ष घेतात, सभा भरवितात, पत्रके वाटतात आणि मतदारांच्या घरोघर जातात. दक्षिण कोरियाच्या इतिहासात या भागीदारीचे स्वरूप निराळे आहे. तेथे विद्यार्थी प्रथम रस्त्यावर आला तो कोणास निवडून आणण्यासाठी नव्हे, तर निवडणूक ही निवडणूक राहावी एवढ्यासाठी. १९६० साली त्याने एक राजवट उलथविली. १९८७ साली जनतेचे गमावलेले मत परत मिळवून दिले. परंतु ते मत कोणाच्या पदरात टाकावे हा प्रश्न पुढे येताच त्याच विद्यार्थिवर्गात फूट पडली. मतपेटीचे रक्षण करणे आणि मतपेटीतून विजय मिळविणे ही दोन भिन्न कार्ये असून पहिल्यातील सामर्थ्य दुसऱ्यात आपोआप उतरत नाही, हे कोरियाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

भारतीय वाचकाने आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. भारताचा राष्ट्रपती लोकप्रतिनिधींकडून निवडला जातो आणि प्रत्यक्ष कारभार मंत्रिमंडळ पाहते. कोरियाचा राष्ट्राध्यक्ष हा स्वतःच कार्यकारी सत्तेचा धनी होय. म्हणून त्याची निवडणूक हा तेथील राज्यसत्तेचाच निवाडा ठरतो. १९४८ साली प्रजासत्ताकाची स्थापना झाली तेव्हा सिंगमन री यांची निवड राष्ट्रीय सभेने केली होती. पुढे सभेतील बहुमत विरोधात जात आहे असे दिसताच, १९५२ साली युद्धकालीन राजधानी बुसान येथे लष्करी कायदा पुकारून री यांनी घटना बदलून घेतली आणि राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेकडे सोपविली. ज्या प्रत्यक्ष मतदानासाठी पुढील पिढ्यांनी रक्त सांडले, ते मुळात सत्ताधाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी आणलेले होते, ही गोष्ट विसरता येत नाही. १९५४ साली पहिल्या राष्ट्राध्यक्षापुरती मुदतीची मर्यादा काढून टाकण्याची दुरुस्ती आली. २०३ सभासदांच्या दोन-तृतीयांशासाठी १३६ मते हवी होती, मिळाली १३५. प्रथम ठराव फेटाळला गेला असे जाहीर झाले. दोन दिवसांनी, १३५.३३ या संख्येतील अपूर्णांक सोडून द्यावयाचा असतो असे गणित मांडून तोच ठराव संमत ठरविण्यात आला.

१

हे सर्व घडत असता देशात एक नवी पिढी शाळांतून वर येत होती. जपानी अमलाच्या अखेरीस शाळांची भाषा जपानी होती आणि कोरियन भाषेस वर्गात स्थान उरले नव्हते. १९४५ नंतर हे पालटले. १९६० साली विद्यालयात असलेला मुलगा हा पहिल्या इयत्तेपासून मातृभाषेत, हांगुल लिपीत शिकलेला होता. म्हणूनच या पिढीस पुढे ‘हांगुल पिढी’ असे नाव पडले. १९४९ च्या शिक्षणविषयक कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुक्तीच्या वेळी उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी आठ हजारांच्या आत होते; १९६० च्या सुमारास त्यांची संख्या एक लाखाच्या आसपास पोहोचली होती. या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत नागरिक, मत, प्रतिनिधी, घटना हे शब्द अर्थासह शिकविलेले होते. पुस्तकातील शब्द आणि बाहेरील व्यवहार यांतील अंतर त्यांनाच सर्वांत प्रथम बोचावे, हे स्वाभाविक होय.

दुसरी गोष्ट संघटनेची. १९४९ साली सरकारने प्रत्येक शाळेत व विद्यापीठात राष्ट्ररक्षणासाठी म्हणून विद्यार्थिदल उभारले. त्याचे कार्य कवायत करणे, साम्यवादविरोधी मेळावे भरविणे आणि सरकारी समारंभात मिरवणुकीने हजर राहणे हे होते. रांगेत चालावे कसे, एका शाळेने दुसऱ्या शाळेस निरोप धाडावा कसा, घोषणा एकमुखाने द्यावी कशी, याचे शिक्षण विद्यार्थ्यांना सरकारनेच दिले. १९६० साली देगू शहरात ज्या मुलांनी पहिली मिरवणूक काढली, त्यांच्यात या दलाचे विद्यार्थिनायकच पुढे होते.

१९५६ च्या निवडणुकीत या असंतोषाची पूर्वसूचना मिळाली होती. विरोधी लोकशाही पक्षाने ‘मोत्साल्गेत्ता, काराबोजा’, म्हणजे ‘जगणे अशक्य झाले, बदलून तरी पाहू’, अशी घोषणा दिली. हे ग्रांथिक भाषेतील वाक्य नव्हे. बाजारात व चुलीपुढे बोलली जाणारी ती भाषा होती आणि म्हणूनच ती देशभर पसरली. सत्तारूढ पक्षास तिचे उत्तर देण्यासाठी ‘बदलून उपयोग नाही’ अशी त्याच शब्दाची उलटी घोषणा करावी लागली. विरोधी उमेदवार शिन इक-ही यांचा मतदानापूर्वी दहा दिवस प्रचारदौऱ्यात आगगाडीतच मृत्यू झाला आणि री विजयी झाले. तथापि उपराष्ट्राध्यक्षपद विरोधी पक्षाच्या चांग म्यॉन यांस मिळाले, आणि तिसरे उमेदवार चो बोंग-आम यांनी वीस लाखांहून अधिक मते घेतली. चो यांस हेरगिरीच्या आरोपावरून ३१ जुलै १९५९ रोजी फाशी देण्यात आले. २०११ साली कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले.

२

१९६० ची निवडणूक १५ मार्च रोजी व्हावयाची होती. विरोधी उमेदवार चो ब्याँग-ओक हे उपचारासाठी अमेरिकेस गेले असता १५ फेब्रुवारी रोजी तेथेच मरण पावले. यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठी री यांस प्रतिस्पर्धीच उरला नाही. परंतु री त्या वेळी पंचाऐंशी वर्षांच्या घरात होते आणि त्यांच्या पश्चात सत्ता उपराष्ट्राध्यक्षाकडे जाणार होती. त्यामुळे सारी चुरस ली गी-पुंग आणि चांग म्यॉन यांच्यातील उपराष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत एकवटली.

२८ फेब्रुवारी हा रविवार होता. त्या दिवशी देगू येथे चांग म्यॉन यांची सभा होती. विद्यार्थी सभेस जाऊ नयेत म्हणून शहरातील सरकारी शाळांना रविवारी वर्ग भरविण्याचा हुकूम सुटला. एका शाळेने अकस्मात परीक्षा ठेवली, दुसरीने चित्रपट दाखविण्याचे ठरविले, तिसरीने मुलांना सशांच्या शिकारीस नेण्याची योजना केली. ही कारणे इतकी पोकळ होती की, मुलांना तो आपल्या बुद्धीचा अपमान वाटला. दुपारी क्याँगबुक विद्यालयातील मुले शाळेच्या आवारातून बाहेर पडली आणि त्यांना इतर शाळांतील मुले येऊन मिळाली. त्यांची मागणी होती : विद्यार्थ्यांना राजकारणाचे साधन बनवू नका.

या मागणीचा आशय बारकाईने पाहण्याजोगा आहे. ती कोणत्याही उमेदवाराचा जयजयकार करीत नाही. सत्तांतराची भाषाही तीत नाही. शाळा राजकारणापासून मुक्त असावी एवढेच तीत म्हटले आहे. आणखी असे की, त्या मुलांपैकी कोणासही मताचा अधिकार नव्हता. मतदाराचे किमान वय तेव्हा एकवीस होते. ज्यांना मत नव्हते त्यांनीच मताच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न प्रथम उभा केला, आणि ‘आम्हांस राजकारणात ओढू नका’ या वाक्याने देशातील सर्वांत मोठ्या विद्यार्थी राजकारणास आरंभ झाला. या विरोधाभासातच पुढील सत्तावीस वर्षांचे बीज आहे.

मतदानाच्या दिवशी जे घडले ते गुप्त राहण्यासारखे नव्हते. गृहखात्याने आखलेल्या योजनेनुसार चार-दशांश मते मतदानापूर्वीच पेट्यांत भरावयाची होती. उरलेल्या मतदारांना तीन-तीन व नऊ-नऊंच्या गटांत केंद्रावर नेऊन, एकाने दुसऱ्याची मतपत्रिका पाहावी अशी व्यवस्था होती. दंडावर पट्ट्या बांधलेले पक्षाचे लोक केंद्रांभोवती उभे होते. ली गी-पुंग यांच्या नावे त्र्याऐंशी लाखांच्या आसपास मते जाहीर झाली, चांग म्यॉन यांच्या नावे अठरा लाखांच्या आसपास. काही ठिकाणी सत्तापक्षाच्या मतांचा आकडा इतका फुगला की, तो कमी करून सांगावा असे वरून कळवावे लागले.

त्याच दिवशी दक्षिण किनाऱ्यावरील मासान शहरात निषेधाची मिरवणूक निघाली आणि रात्री पोलिसांनी गोळीबार केला. या रात्री बेपत्ता झालेल्यांत किम जु-यूल नावाचा मुलगा होता. नामवॉन गावाहून तो मासानच्या वाणिज्य विद्यालयात प्रवेश घेण्यासाठी आला होता. त्याची आई त्याला शोधीत शहरभर हिंडत होती. ११ एप्रिल रोजी, सत्तावीस दिवसांनी, त्याचे प्रेत मासानच्या बंदरात वर आले. डोळ्यात अश्रुधुराचे नळकांडे रुतलेले होते. बुसानच्या एका वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापले. तोपर्यंत निवडणुकीतील लबाडी ही आकड्यांची गोष्ट होती. त्या छायाचित्राने तिला एका मुलाचा चेहरा दिला.

१८ एप्रिल रोजी सोलमधील कोरिया विद्यापीठाचे विद्यार्थी राष्ट्रीय सभेपर्यंत चालत गेले. परतीच्या वाटेवर राजकीय आश्रयाखालील गुंडांनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी राजधानीतील जवळजवळ सर्व विद्यापीठे व कितीतरी शाळा रस्त्यावर आल्या. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाकडे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. या सबंध आंदोलनातील मृतांची संख्या १८६ अशी सांगितली जाते. त्यांत विद्यापीठीय विद्यार्थ्यांपेक्षा शाळकरी मुले आणि कष्टकरी अधिक होते, ही गोष्ट ‘विद्यार्थ्यांची क्रांती’ या नावाआड झाकली जाते. शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. परंतु सैनिकांनी मिरवणुकांवर बंदुका चालविल्या नाहीत. २५ एप्रिल रोजी सुमारे अडीचशे प्राध्यापक ‘विद्यार्थ्यांच्या रक्ताचे मोल चुकते करा’ असा फलक घेऊन निघाले. २६ एप्रिल रोजी सोलमधील एका प्राथमिक शाळेतील मुले ‘आमच्या आईबापांवर, भावांवर बंदुका रोखू नका’ असा फलक धरून चालली. त्याच दिवशी री यांनी राजीनामा जाहीर केला आणि मे महिन्याच्या अखेरीस ते हवाई बेटांस निघून गेले.

३

कोरियन भाषेत ऐतिहासिक घटनांना तिथीच्या अंकांवरून नावे देण्याची रूढी आहे. एप्रिलच्या या घटनेस ‘सा-इल-गू’, म्हणजे ‘चार-एक-नऊ’, असे म्हणतात. अंक कोणाची बाजू घेत नाहीत. परंतु त्यांच्यापुढे जोडावयाच्या नामावरून मात्र मोठा वाद झाला. ‘ह्योंगम्योंग’ म्हणजे क्रांती. ‘उइगो’ म्हणजे न्यायासाठी केलेले धाडसी कृत्य, ज्यात हेतूचा गौरव आहे पण राज्यव्यवस्था पालटल्याचा स्वीकार नाही. १६ मे १९६१ रोजी सत्ता बळकावणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी १९६२ च्या घटनेच्या प्रास्ताविकात एप्रिलच्या घटनेस ‘उइगो’ आणि स्वतःच्या उठावास ‘क्रांती’ असे नाव दिले. १९८० च्या घटनेतून हे दोन्ही उल्लेख गेले. १९८७ च्या घटनेत अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘चार-एक-नऊ’च्या लोकशाही तत्त्वाचा वारसा पुन्हा लिहिला गेला. एका नामाचा हा प्रवास म्हणजे त्या देशातील सत्तेचाच प्रवास होय.

क्रांतीनंतर विद्यार्थ्यांनी काय केले, हा प्रश्न इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. त्यांनी सत्ता घेतली नाही. ती घेण्याची त्यांची तयारीही नव्हती. ते वर्गात परतले. शहरातील वाहतूक सांभाळणे, परदेशी सिगारेटी व चैनीच्या वस्तूंविरुद्ध मोहीम चालविणे, उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यांत जाऊन जुलैच्या निवडणुकीपूर्वी मतदारांस मताचे महत्त्व समजावून देणे, अशी कार्ये त्यांनी अंगावर घेतली. जून १९६० च्या घटनादुरुस्तीने मतदाराचे वय वीसवर आणले. परंतु त्याच दुरुस्तीने संसदीय पद्धती स्वीकारून राष्ट्राध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांकडे दिली. ज्या निवडणुकीच्या शुद्धतेसाठी मुले मेली, ती थेट निवडणूकच काही काळ घटनेतून नाहीशी झाली. नवे सरकार दुर्बल निघाले. गोळीबाराची चौकशी व शिक्षा यांबाबतीतील दिरंगाईने चिडून जखमी विद्यार्थी ऑक्टोबर १९६० मध्ये राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर चढले. वर्ष पुरे होण्याच्या सुमारास सैन्य आले.

४

पुढील तीन राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत पार्क चुंग-ही विजयी झाले. १९६३ साली त्यांचे मताधिक्य केवळ दीड लाखाच्या आसपास होते. १९७१ साली किम दे-जुंग यांनी त्यांस कडवी झुंज दिली. पार्क यांस शेकडा ५३, तर किम यांस शेकडा ४५ मते पडली. या वेळी विद्यार्थ्यांपुढे तातडीचा प्रश्न होता तो विद्यापीठांतील सक्तीच्या लष्करी शिक्षणाचा. त्याविरुद्ध मार्च-एप्रिलमध्ये निदर्शने झाली, आणि तोच असंतोष निवडणुकीकडे वळला. विचारवंत व धर्मोपदेशक यांच्या नागरी संघटनेबरोबर विद्यार्थी मतदानकेंद्रांवर निरीक्षक म्हणून गेले. १९६० साली लबाडी झाल्यानंतर विद्यार्थी रस्त्यावर आला होता; आता तो लबाडी होण्यापूर्वीच मतपेटीपाशी जाऊन बसला. हा बदल लहान दिसतो, पण तो पद्धतीतील बदल होता.

पेटीपाशी बसण्याची ती संधी फार काळ राहिली नाही. पार्क पुन्हा निवडून आले तर निवडणुकाच संपतील, असा इशारा किम दे-जुंग यांनी प्रचारात दिला होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये विद्यापीठांच्या आवारात सैन्य शिरले. ऑक्टोबर १९७२ मध्ये घटना स्थगित झाली आणि राष्ट्राध्यक्षाची निवड एका प्रतिनिधिमंडळाकडे देण्यात आली. २३ डिसेंबर १९७२ रोजी सोलमधील जांगचुंग क्रीडागृहात हे मंडळ जमले. २,३५९ प्रतिनिधींपैकी २,३५७ जणांनी पार्क यांस मत दिले. उरलेली दोन मते बाद ठरली. १९७८ मध्ये बाद मत एकच निघाले. लोकांनी या प्रकारास ‘क्रीडागृहातील निवडणूक’ आणि तीतून निघालेल्या सत्ताधीशास ‘क्रीडागृहातला राष्ट्राध्यक्ष’ असे नाव दिले. ज्या काळात उघड बोलणे गुन्हा होता, त्या काळात या शब्दाने अग्रलेखाचे काम केले.

मतपेटीच नाही तेथे तिची राखण कशाची करावी? या कालखंडात विद्यार्थ्यांचे राजकारण निवडणुकीकडून घटनेकडे वळले. १९७४ साली निघालेल्या आणीबाणीच्या हुकुमान्वये विद्यार्थी संघटनांवर देहान्ताचीही शिक्षा ठेवण्यात आली. ऑक्टोबर १९७९ मध्ये बुसान येथील विद्यापीठातून निघालेला उठाव मासानपर्यंत पसरला. त्याच महिन्याच्या २६ तारखेस पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. १९८० च्या वसंतात विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले. त्याचा शेवट मे महिन्यात ग्वांगजू शहरातील हत्याकांडाने झाला, आणि चुन दू-ह्वान हे अशाच मर्यादित मंडळाकडून राष्ट्राध्यक्ष झाले.

५

१९८७ च्या आरंभी सारी चळवळ एका शब्दावर येऊन ठेपली : ‘जिकसोन’, म्हणजे थेट निवड. १४ जानेवारी रोजी सोल राष्ट्रीय विद्यापीठातील भाषाविज्ञानाचा विद्यार्थी पार्क जोंग-चोल हा पोलिसांच्या कोठडीत मरण पावला. पोलिसांनी सांगितले की, चौकशी करणाऱ्याने मेजावर ‘थाक्’ असा हात आपटताच तो ‘ओक्’ असा आवाज काढून मेला. या दोन ध्वन्यनुकारी शब्दांनी मृत्यूचे स्पष्टीकरण करू पाहणारे हे निवेदन लोकांच्या स्मरणात कायमचे रुतले. वैद्यकीय तपासणीतून पाण्यात बुडवून केलेला छळ उघडकीस आला. १३ एप्रिल रोजी चुन यांनी घटनेत बदल होणार नाही असे जाहीर केले. ९ जून रोजी योनसेई विद्यापीठाच्या दारात ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्यात अश्रुधुराचे नळकांडे लागले. ५ जुलै रोजी त्याचा अंत झाला. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या मासान बंदराची आठवण कोणालाही करून द्यावी लागली नाही.

१० जून रोजी सत्तारूढ पक्षाने रो ते-वू यांस उमेदवारी दिली आणि त्याच दिवशी देशभर निदर्शने सुरू झाली. या वेळी कचेऱ्यांतील कारकून, दुकानदार व गृहिणी यांनीही विद्यार्थ्यांना साथ दिली. २९ जून रोजी रो यांनी थेट निवडणूक मान्य केली. ऑक्टोबरमधील सार्वमतात नव्या घटनेस शेकडा ९३ मतदारांनी संमती दिली. मतदानाचा दिवस ठरला १६ डिसेंबर.

येथपर्यंत विद्यार्थिवर्ग एकमुखी होता. आता प्रश्न बदलला. विरोधी पक्षाचे दोन नेते, किम यंग-साम आणि किम दे-जुंग, दोघेही उभे राहिले. ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या देशव्यापी विद्यार्थी प्रतिनिधी परिषदेतील मोठ्या गटाने किम दे-जुंग यांस ‘चिकित्सक पाठिंबा’ दिला. दुसऱ्या गटाने दोघांपैकी एकाने माघार घ्यावी असा आग्रह धरला. तिसऱ्याने जनतेचा स्वतंत्र उमेदवार म्हणून पेक की-वान यांस पुढे केले. मतदानाच्या ऐन तोंडावर त्यांनी माघार घेतली. एकाच वसतिगृहात, एकाच वर्गात या तीन भूमिका एकमेकींशी भांडत होत्या. जून महिन्यात ज्यांनी खांद्याला खांदा लावून लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यात डिसेंबरमध्ये बोलणे उरले नाही. निकाल लागला तेव्हा रो यांस शेकडा ३६.६, किम यंग-साम यांस २८ आणि किम दे-जुंग यांस २७ मते पडली होती. दोघांची बेरीज निम्म्याहून अधिक होती. पण बेरजेस राष्ट्राध्यक्षपद मिळत नसते.

या निवडणुकीत विद्यार्थी मोठ्या संख्येने मतदानाची देखरेख करण्यास गेले होते. मतदानाच्या दिवशी सोलच्या कुरो भागात एक टपाली मतांची पेटी मतदान चालू असतानाच गाडीतून हलविली जात असल्याचे आढळले. नागरिक व विद्यार्थी यांनी ती अडविली आणि कुरो येथील सरकारी कचेरीत ठाण मांडले. १८ डिसेंबरच्या सकाळी पोलिसांनी इमारत ताब्यात घेतली आणि हजारावर लोकांना अटक झाली. एक विद्यार्थी वरून पडून जन्माचा अपंग झाला. ती पेटी मोजणीत न येता मोहोरबंद अवस्थेत एकोणतीस वर्षे पडून राहिली. २०१६ साली राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या पुढाकाराने ती उघडण्यात आली. आत ४,३२५ मते होती. पेटीत फेरफार झालेला नव्हता, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना घाई करता कामा नये. त्या विद्यार्थ्यांचा संशय चुकीचा ठरला, हे खरे. परंतु तो निराधार नव्हता. १९६० साली चार-दशांश मते आधीच पेट्यांत भरणाऱ्या राज्ययंत्रणेने तो संशय जन्मास घातला होता, आणि क्रीडागृहांतील निवडणुकांनी तो पोसला होता. लबाड निवडणुकीचे खरे नुकसान त्या एका निवडणुकीपुरते नसते. पुढे एखादी पेटी खरी असली तरी तिच्यावर विश्वास ठेवण्याची लोकांची शक्तीच ती हिरावून नेते. कुरो येथील त्या अपंग झालेल्या विद्यार्थ्याने जे मोल दिले, ते एका अर्थी १९६० च्या गुन्ह्याचेच उरलेले देणे होते.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. १९८७ च्या पराभवाचे कारण त्या पेटीत नव्हते. ते दोन उमेदवारांच्या हट्टात आणि त्या हट्टास तात्त्विक आधार पुरविणाऱ्या गटांत होते. निवडणूक खोटी आहे हे ओळखण्यास धैर्य पुरते. खऱ्या निवडणुकीत तडजोड करण्यास निराळा गुण लागतो. तो गुण लाठीमारात अंगी बाणत नाही, आणि कोणत्याही शाळेने तो त्या पिढीस शिकविलेला नव्हता.

६

त्यानंतरच्या काळात विद्यार्थ्यांचे स्थान हळूहळू पालटले. किम यंग-साम १९९२ साली आणि किम दे-जुंग १९९७ साली रीतसर निवडून आले. २००२ च्या निवडणुकीत विद्यार्थ्यांनी मागणी केली ती आपल्या विद्यापीठाच्या आवारातच मतदानकेंद्र असावे अशी, आणि काही विद्यापीठांत ती मान्य झाली. ज्या आवारात १९७१ साली सैन्य शिरले होते तेथे मतपेटी येऊन बसली, या घटनेची नोंद वृत्तपत्रांत लहान असली तरी इतिहासात लहान नाही. २०१६ साली सोलमधील एका महिला विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या सत्याग्रहानंतर राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांची प्रकरणे बाहेर येत गेली, आणि मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांस पदच्युत व्हावे लागले. तेथेही आरंभ शिक्षणसंस्थेच्या स्वच्छतेच्या प्रश्नापासून झाला होता.

मतदाराचे वय २००५ साली एकोणीस आणि २०१९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने अठरा झाले. २८ फेब्रुवारी हा दिवस २०१८ पासून राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. देगूच्या ज्या मुलांनी त्या रविवारी शाळेचे फाटक ओलांडले, त्यांच्यापैकी जी हयात होती ती तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात पोहोचली होती. मार्च २०२२ मध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींनी प्रथमच राष्ट्राध्यक्षासाठी मत दिले; त्यांत विद्यालयात शिकणारेही काही होते. १९६० च्या शाळकरी मुलांनी मताचा अधिकार मागितला नव्हता. मोठ्यांच्या हाती असलेला तो अधिकार खरा असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.